मागची खोली

ता. ४ फेब्रुवारी

चि. घड्याळ्या यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र सोमवारी मिळालं. एकदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. तू घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून एप्रिलमध्ये इथे कायमचा राहायला येतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्याआधी तुझी सहा करडं येणार, हे वाचून ते बरं वाटणं जागच्या जागी संपलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून या एवढ्याशा शेतावर मी आणि गवत, दोघंच राहतो. आमचं बरं चाललंय. गवत वास मारत नाही.

मला वासाचं किती आहे ते तुला ठाऊक आहे. तीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहून परक्या माणसांच्या कॉलरवरचा मळ काढला, तो काय म्हातारपणी लेंड्या गोळा करायला? तरी तू लिहिलंस म्हणून काल जुन्या कोंबड्यांच्या शेडचं दार उघडलं. उघडलं आणि उभ्या उभ्या उबळ आली. शी! शी! शी! कोंबड्या जाऊन पाच वर्षं झाली, पण त्यांनी मागे ठेवलेलं सगळं जिथल्या तिथे आहे. जमिनीवर विष्ठेची घाण साचलीय, थरावर थर, वर पिसं चिकटलेली. कोपऱ्यात माझा एक जुना गमबूट होता. तो उचलला तर आत उंदराची पिल्लं, लालभडक, बिनकेसांची, वळवळणारी. बूट टाकून मी मागे सरले ती नेमकी एका जुन्या अंड्यावर. त्या अंड्याबद्दल मी तुला काही लिहिणार नाही. एवढंच सांगते, की ते पायताण मी शेताच्या हद्दीबाहेर पुरलं.

सात वेळा हात धुतले. काल जेवले नाही. आज पोळलेल्या तोंडाने माणूस खातो तसं थोडं खाल्लं. तुला शेतावर यायचंय तर ये ना सुखाने. टोमॅटो लाव, झाडाखाली खुर्ची टाकून बस. जिवंत काही आणू नकोस.

प्रकृतीला जप. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, कमी करायचीच असतील तर करडं कर.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात शेजारच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. अंड्यापाशी आलो तेव्हा तो काउंटरला धरून हसला आणि म्हणाला, तुझ्या बहिणीला आहे ते नाक नाही, शाप आहे. मी त्याला म्हटलं, लहानपणी मी जेवताना ढेकर दिली तरी ती ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. तो म्हणाला, मग बरोबर आहे.

आता गंभीरपणे ऐक. ही करडं मी हौसेने ठरवलेली नाहीत. तुझ्यापासून दोन तासांवर एक बाई आहेत, सगळे त्यांना शेळीवाल्या काकू म्हणतात. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलो होतो. गुडघे गेल्यामुळे त्या अर्धा कळप कमी करतायत. मोठ्या शेळ्यांना घरं मिळाली. ही सहा उरली, दोन-अडीच महिन्यांची. पंधरा मार्चपर्यंत कुणी नेली नाहीत तर खाटकाकडे जातील. खाटीक तीनदा येऊन गेलाय. काकूंनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा म्हणता येणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. तेवढ्यात एका कान मुडपलेल्या पाटीने, त्यांतल्या मादी करडाने, माझ्या शर्टाची बाही चावून चावून ओली केली. मी तिथेच हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं, ही चूक कबूल.

मी पुस्तिका वाचली आहे. फार काम नाही. जमीन कोरडी हवी. खाली वाऱ्याचा झोत नको, वर हवा हवी. खिळे काढायचे. कुंपणाची कण्हेर मुळासकट काढायची, तिची दोन पानं पोटात गेली तरी करडू मरतं. खाण्याच्या वेळा मी मिनिटांसकट वेगळ्या कागदावर लिहून पाठवतोय, तो भिंतीला लाव. शेडमधला मधला पत्रा काढलास की जागा दुप्पट होईल. आणि हो, बाबांची खाट मागच्या खोलीतच असेल ना अजून? तिचं लाकूड चांगलं आहे. करडांना चढायला उंच जागा लागते, तिची फळी करता येईल.

मार्चअखेरपर्यंत लोकांची घड्याळं परत करायची आहेत, नाहीतर मीच आलो असतो. राग धर, पण करडांवर धरू नकोस.

तुझा,
भाऊ


ता. १७ फेब्रुवारी

चि. घड्याळ्या यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती अशी शब्दशः माझ्या अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. फार काम नाही म्हणे! ये आणि बघ.

फावड्याने चार दिवस घाण खरवडली. नाकातोंडाला तीन रुमाल, त्यावर डोक्याचा फडका, तरी वास घशात उतरतोच. वास नाकाने येत नाही रे, तो कातडीतून येतो. छपराच्या वाशावरून गोचिडींचा घोस खाली पडला, माझ्या मानेवर. किंचाळले ती थेट विहिरीपाशी जाऊन थांबले. पोस्टमन फाटकाशी होता, तो सायकल टाकून धावत आला. काय झालं म्हणून विचारायला लागला, तर मी नुसती मान पुढे केली. भला माणूस, त्याने हाताने काढल्या आणि पँटला हात पुसले. पँटला! त्याच हाताने मग मला वीजबिल दिलं. ते मी चिमट्याने घेतलं.

पण एकदा हातात घेतलं की मी अर्धवट सोडत नाही. जमीन ब्लीचिंग पावडरने दोनदा धुतली. चुन्यात थोडी नीळ घालून भिंती रंगवल्या, कशा शुभ्र दिसतात! अंथरायला पोती घेतली, ती उकळून, वाळवून, इस्त्री करून, घड्या घालून ठेवली आहेत. हस. बिनइस्त्रीचं कापड या घरात आजवर कुणाच्या अंगाखाली गेलेलं नाही. कण्हेर काढली, हात सोलवटले.

मधला पत्रा मी काढणार नाही. पलीकडे काही नाही. अर्ध्या शेडमध्ये सहा करडं आरामात मावतात, मी पावलांनी मोजलंय. खाटेचं म्हणशील तर मागच्या खोलीत ओल आहे, वाळवीने तिचा भुगा केला असणार. तो विषय सोडून दे.

तुझा मिनिटांचा कागद भिंतीला लावलाय. करडं वाचतील अशी आशा आहे.

प्रेम आहे तसंच राहू दे, वास गेला की वाढेल.

तुझी,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

तुमच्या भावाने पत्ता दिला म्हणून हे कार्ड. भाऊ चांगले आहेत, बोलतात फार. त्यांनी तुमच्या पोत्यांबद्दल सांगितलं, मी खूप हसले, रागावू नका.

माझा एक नेम आहे तो आधी सांगते. ज्याला मी करडू देते त्याने माझ्यासमोर त्याच्या गोठ्यात जमिनीवर तासभर आडवं व्हायचं. दुपारीच. उशी नाही, गादी नाही, जे करडाखाली असेल तेच. माणूस उभा राहून बघतो तेव्हा त्याला सगळा गोठा चांगलाच दिसतो. करडू उभं राहून झोपत नाही. मोठमोठे शेतकरी हसले, पण झोपले. पंचवीस वर्षांत माझं एकही करडू गारठून मेलं नाही.

एक तारखेला येते. जुने कपडे घाला.

शेळीवाल्या काकू


ता. ३ मार्च

चि. घड्याळ्या यास आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या काकू परवा येऊन गेल्या. आधी हसण्यासारखं तेवढं लिहिते, मग दुसरं.

बाई दारातूनच शिंकायला लागल्या. अकरा शिंका मी मोजल्या. डोळे पुसत म्हणाल्या, की बाई, इथे करडं ठेवायचीत की ऑपरेशन करायचंय? ब्लीचिंगच्या या वासात करडू पाय टाकणार नाही, टाकलं तर खोकून मरेल. मग त्यांनी माती मागवली. होय, माझ्या धुतलेल्या जमिनीवर कोरडी माती पसरायची आणि ती आठ दिवस वाऱ्यावर ठेवायची! पोत्याची घडी उचलून त्यांनी गालाला लावली, आणि एवढं मात्र म्हणाल्या, की असं पोतं त्यांनी जन्मात पाहिलं नाही. अंगाला त्यांच्या शेळ्यांचा असा उग्र दर्प, की मी सबंध वेळ तोंडाने श्वास घेत होते. ते त्यांना कळत होतं. त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

मग त्यांनी मधल्या पत्र्यावर टकटक केली. पलीकडे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं अडगळ. त्या म्हणाल्या की ऊन तिकडून येतंय, म्हणजे कोरडी बाजू तीच, करडं तिकडेच झोपणार. आणि मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी तारा सोडून पत्रा बाजूला केला.

आत खाट होती. वाळवी लागलेली नव्हती. खाटेखाली घमेलं, खिडकीत प्लास्टिकचा मग, आढ्याला बांधलेला दोर, धरून उठायला. फळ्यांच्या भिंतीत एक फट होती, तिच्यात कापडाचा बोळा कोंबलेला. काकूंनी सगळं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इथे कोण झोपत होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक गडी होता. त्या म्हणाल्या, बरं, मग इथेच आडव्या व्हा.

मला नाही होता आलं. पोतं अंथरलं, गुडघे टेकले, आणि पुढे शरीर ऐकेना. अर्धा तास त्या दारात बसून राहिल्या. मग पिशवी खांद्याला लावून म्हणाल्या, की अकरा तारखेला परत येते. तेव्हा जमलं तर जमलं. पंधराची तारीख त्यांच्या हातात नाही.

घड्याळ्या, गडी नव्हता. बाबा होते. आठ महिने मी तुला जी मागची खोली मागची खोली म्हणून लिहीत होते, ती ही. कोंबड्यांची शेड.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळं लिहिते. बाबांचं पोट ताब्यात राहिलं नव्हतं हे तुला माहीत आहे. त्याचा वास घरभर. मला घास गिळवेना. तीन आठवड्यांत माझे कपडे मला ढगळ झाले. मग मी त्यांना म्हटलं की बाहेर हवा चांगली आहे. पुढे कोंबड्या होत्या तो भाग पत्र्याने बंद केला, मागचा झाडला आणि त्यांची खाट तिथे नेली. ते म्हणाले, हो, हवा चांगली आहे.

चादरी मी रोज धुतल्या. रोज. उकळून, नीळ देऊन, इस्त्री करून. त्यांच्या एका चादरीवर डाग दाखव, मी नाव बदलेन. कपड्याची मला कधी किळस आली नाही. माणसाची आली. आपल्या बापाची आली. मी कोमट पाण्याचं घमेलं दारात ठेवायचे, श्वास धरून, आणि निघून यायचे. ते रोज म्हणायचे, पाव तासाचं काम आहे गं, एवढं पुसून दे, माझा हात मागे पोचत नाही. मी म्हणायचे, बाबा, पाव तासात माझा जीव जाईल. ते म्हणायचे, मग राहू दे. त्यांची पाठ कशी झाली होती ते मी शेवटी पाहिलं, ते गेल्यावर.

सगळ्या शेडमध्ये मी पाच वर्षांची विष्ठा खरवडली, पण मला ओकारी येते ती माझीच. तू आता मला काय म्हणायचं ते म्हण. करडांचं काय ते तूच ठरव.

ताई


ता. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाच तारखेला आलं. तीन दिवस दुकान बंद ठेवलं. चष्मेवाल्याने दार वाजवलं, मी उघडलं नाही.

ताई, आपण दोघंही त्याच घरात जन्मलो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागे भिंत, आणि भिंतीच्या मागे विहीर. त्या घरात मागची खोली नाही, हे मला माहीत नव्हतं का?

त्या नोव्हेंबरात मी एक दिवस आलो होतो, आठव. तू म्हणालीस की बाबा मागच्या खोलीत झोपलेत, आत्ताच डोळा लागलाय. मी म्हटलं, मग उठवत नाही. चहा घेतला. तुझं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं ते खुर्चीवर चढून लावलं. लावताना शेडकडून खोकला ऐकू आला. बाबांचा खोकला मी ओळखणार नाही? तूही ऐकलास. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, मीही पाहिलं नाही. मी सहाच्या गाडीने जाणार होतो, तो चारच्या गाडीने गेलो. फाटकाकडे जाताना शेडच्या दारावरून गेलो, आत मधोमध उभा केलेला पत्रा दिसला, आणि वास आला तेव्हा रुमाल काढला. चाल मंद नाही केली, उलट वाढवली.

का विचारलं नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. विचारलं असतं तर बाबांना माझ्याकडे न्यावं लागलं असतं. दुकानामागे माझी खोली आहे, खरीखुरी मागची खोली, आणि तिच्यात एका खाटेची जागा आहे. तू नाक धरून का होईना आठ महिने घमेलं ठेवलंस, चादरी धुतल्यास. मी घड्याळ लावून आलो. आणि मागच्या महिन्यात तुला खाटेबद्दल विचारलं ते मुद्दाम. तू आपणहून सांगशील आणि मग मला फक्त माफ करायचं काम उरेल, असं माझ्या मनात होतं. इतका मी हलकट आहे.

किळस यायचीच असेल तर माझी येऊ दे. करडं नको असतील तर तसं लिही, मी काकूंना कळवतो. एप्रिलमध्ये मी येऊ की नको, तेही लिही.

भाऊ


ता. १२ मार्च

घड्याळ्या,

आशीर्वाद द्यायचा हात आज उचलत नाही, म्हणून सरळ लिहिते.

तुझं पत्र वाचून मला तुझी शिसारी आली. खोटं कशाला लिहू? दोन वर्षं मी समजत होते की ही घाण माझ्या एकटीची आहे. रोज अंघोळ करून ती जात नव्हती. आणि तू तिकडे बसून सगळं जाणत होतास, आणि खुशाल सूचना पाठवत होतास, खिळे काढ, फळी कर! पत्र मी चुलीत टाकणार होते. मग ठेवलं. तुझं अक्षर पहिल्यांदाच वेडंवाकडं आलंय.

काल काकू आल्या. मी म्हटलं, गडी नव्हता, माझे वडील होते. त्या म्हणाल्या, दोर पाहिला तेव्हाच कळलं, गड्याला कोण दोर बांधून देतं? मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, चला, व्हा आडव्या.

झाले. त्यांच्याच जागी, खाट बाजूला करून. आधी दहा मिनिटं नुसते आढ्याचे वासे मोजले. मग थंड वाटायला लागलं, एकाच कानाला. फटीतला बोळा निघाला होता आणि तिथून बारीक झोत सरळ डोक्याशी येत होता. मी बोळा परत कोंबायला घेतला, तर तो मोजा होता. बाबांचा, करड्या लोकरीचा, मी विणलेला. त्या थंडीत एक मोजा हरवला म्हणून मी बाबांवर किती ओरडले होते! म्हटलं होतं, आता एका पायात घाला, दुसरा विणायला मला वेळ नाही. थंडीभर त्यांनी एकाच पायात मोजा घातला, कारण दुसरा भिंतीला घातला होता.

फटीतून आपल्या स्वयंपाकघराचं दार दिसतं. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी पण दिसतात.

तास संपला तेव्हा काकूंनी मला हात देऊन उठवलं. मी त्यांच्या हाताचा वास घेतला नाही असं नाही, घेतला. पण हात सोडला नाही. त्यांनी फट मोजली, आणि आम्ही दोघींनी तिच्यावर फळी ठोकली. खाटेचीच फळी. करडं चौदाला येतायत.

तू यावंस की नको, ते मी अजून ठरवलेलं नाही.

ताई


ता. २० मार्च

चि. घड्याळ्या यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. सहाही आली. सुखरूप आली असं लिहिणार होते, पण ही सुखरूप नाहीत, हा उच्छाद आहे! पहिल्या तासात त्यांनी तुझा मिनिटांचा कागद खाल्ला. इस्त्रीच्या पोत्यांवर सहा जणांनी एकदम लघवी केली, जणू ठरवून आली होती. एकाने माझ्या खिशातला रुमाल चघळून परत दिला. लेंड्या झाडून पाठ फिरवावी तोवर नव्या. शी, काय ती जात! आणि खाटेच्या उरलेल्या फळ्यांचा जो चौथरा केलाय, त्यावर एक चढतं आणि दुसऱ्याला ढकलतं, दिवसभर. पोस्टमन आता पत्र नसलं तरी फाटकाशी थांबतो.

तुझ्या त्या कान मुडपलेल्या पाटीला मात्र काल हगवण लागली. सकाळी गेले तर ती कोपऱ्यात एकटी, मान टाकलेली. शेपटीपासून खुरांपर्यंत सगळं हिरवं-काळं, चिकटलेलं, वाळून कडक झालेलं, माश्या बसलेल्या. तो वास काय सांगू! मी दारात उभी. पोस्टमन यायला चार तास होते, काकू दोन तासांवर, तू त्याहून लांब. घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि दारात ठेवलं. हो, दारातच ठेवलं, सवयीने. तिने मान उचलून घमेल्याकडे बघितलं. तिचं तोंड काही तिच्या मागे पोचत नाही रे.

मग मी आत गेले. रुमाल नाही बांधला, विसरले. तिला मांडीवर घेतली आणि पुसायला लागले. आधी ओलं करायचं, सुटू द्यायचं, ओढायचं नाही, हे मला तीस वर्षं येतंय. दोनदा उबळ आली, एकदा ओकलेसुद्धा, तिथेच बाजूला, आणि तोंड पुसून परत बसले. खाली कातडी लाल झाली होती, तिथे तेल लावलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. कोरड्या टॉवेलात गुंडाळून तिला स्वयंपाकघरात आणली. आज उभी राहिलीय. आल्या आल्या पडद्याचं टोक खाल्लं.

तू ये. एप्रिलमध्ये नाही, जमेल तितक्या लवकर ये. मला तुझा राग आहे आणि तो राहणार. तुझी खाट पुढच्या खोलीत, माझ्या शेजारी लावते आहे, तू माझ्याआधी आजारी पडलास तर तिथेच पडशील आणि मी पडले तर मीही. या घरात मागची खोली नाही.

एक सांगायचं राहिलं. तिला टॉवेलात घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली, त्या दिवशी तू लावून गेला होतास त्याच. आत जाताना मी वेळ बघितली होती. पाव तास नाही लागला, घड्याळ्या. बारा मिनिटं.

उरलेला लोभ घेऊन ये, इथे लागणार आहे.

तुझी,
ताई